ओलांडलेली टाइल

"...आणि यातली भाजलेली टाइल कुठली, श्रीरंगा?"

आश्रमाचे प्रमुख आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आवाजात राग नव्हता. म्हणूनच श्रीरंग घाईने बोलून गेला.

"भाजलेली? एकही नाही, आप्पा. बघा ना..."

खरंच दिसत नव्हती. पूर्वी इथे शहाबादी फरशी होती. चुलीवरची कढई उतरवून खुशाल खाली टेकवायची. मग कुणा भक्ताने व्हिनाइलच्या, गरम लागलं की जळणाऱ्या टाइल्स बसवून दिल्या आणि स्वयंपाकघर सांभाळणारा श्रीरंग त्यांचा पहारेकरी झाला. त्याने नियमच केला, जो गरम भांडं खाली टेकवेल त्याने स्वयंपाकघर सोडायचं. दिवाळीनंतर तान्हूबाईंच्या हातून पातेलं टेकलं. अठरा वर्षं रांधणारी बाई, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन भाचीच्या गावी गेली. आप्पांनी तेव्हा अडवलं नव्हतं.

आणि गेल्या बुधवारी आमटी लागायला लागली, श्रीरंगने घाईने कढई उचलली अन् जुन्या सवयीने...

कुणी पाहिलं नाही. जळकं त्याने पात्याने खरवडलं. उरलेल्या टाइलचा तुकडा किसून भुकटी केली, ती बिनरंगी नेलपॉलिशमध्ये कालवून खड्ड्यात भरली. ब्रह्मचाऱ्याने नेलपॉलिश मागितलं म्हणून दुकानदार गालातल्या गालात हसला, तेही सोसलं. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. काम असं सफाईदार झालं की त्या भीतीतही गड्याला जरा अभिमान वाटला.

आप्पा अनवाणी आत आले. एकेक टाइल... आणि चुलीपासून तिसरीवर थांबले.

श्रीरंगने चुलीवरचा भात ढवळायला घेतला.

"ही," आप्पा म्हणाले.

"कुणी सांगितलं, आप्पा?"

"तूच. चार दिवस बघतोय. गवळी हिच्यावरून जातो, मांजर जातं, मी जातो. तू एकटा ओलांडून जातोस."

श्रीरंग खाली वाकला. त्याने आप्पांचे पाय धरले.

"आप्पा, मला काढू नका. मला दुसरं घर नाही. चार रात्री डोळ्याला डोळा नाही..."

"नीट करायला किती वेळ लागला?"

"अर्धा तास... वाळायला एक रात्र."

"आणि तान्हूबाईंची टाइल?"

"ती... ती उपटून फेकली, आप्पा. नवी बसवली."

चुलीवर भात रटरटत होता. श्रीरंगला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आप्पांनी वाकून भाताखालचा जाळ कमी केला.

"दहाची एसटी आहे," ते म्हणाले. "ऊठ."

हाच नियम, त्याच्याच तोंडचा. श्रीरंगने कोपऱ्यातली आपली पिशवी घेतली. तो कपडे कोंबू लागला.

"कुठे जाऊ, आप्पा?"

"तान्हूबाई गेल्या तिथे."

"त्यांच्या दारात? मी? त्या काय म्हणतील... आप्पा, त्यापेक्षा मला कुठेही पाठवा."

आप्पांनी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, खुंटीला अडकवली.

"येताना दोन तिकिटं काढ."