मानाची विजार

फार फार मागे, तुमच्या आज्याचा आजा पाळण्यात अंगठा चोखत होता त्याच्याही आधी, डोंगराआड एक गाव होतं. गावात शहाणी माणसं पुष्कळ होती. तेवढं सोडलं तर गाव चांगलं होतं.

गावची रीत अशी, की रानडुकरांच्या शिकारीला जो पुढे होईल त्याने मानाची विजार घालायची. विजार गावच्या पहिल्या शिकाऱ्याची, आणि तो गडी हत्तीएवढा. ती देवळातल्या पेटीत असे. शिकारीच्या दिवशी तिला कडक खळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, मग शिकाऱ्याला तिच्यात सोडायचं.

त्या साली पुढे झाला सटवाजी. अंगाने काठी, रागाने भडभुंज्याची भट्टी. ज्वारी कणसात आली होती आणि डुकरं रोज एक वावर लोळवत होती. ज्वारी गेली असती तर गावातली पोरंबाळं उन्हाळाभर रानातले कंद उकरत बसली असती. सटवाजीची पोरंही त्यातच.

विजार चढवून सटवाजी म्हणाला, "पाटील, यात माझ्यासारखे तिघं मावतील!"

"मग नशीब समज," पाटील म्हणाले. "विजार कधी मोठी नसते रे. माणूस लहान असतो."

सगळे खिदळले. हसू नका, तुम्हीही हसला असता. सटवाजीने दातओठ खाल्ले, नाडी कमरेभोवती गुंडाळून गुंडाळून बांधली आणि बंदूक उचलली.

ढोल वाजवत, डुकरं उठवायला हाका निघाला. सटवाजी झुडपांतून पुढे सरकू लागला. ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्या डुकराने कान टवकारले.

"फडफड, फडफड," डुक्कर म्हणालं. "विजार आली रे. चला, डावीकडनं निघू."

सटवाजी नेम धरायला वळला, तो विजारीचा पाय बोरीच्या काट्यात. पाय ओढला, तो विजार सुटायला लागली. एक हात विजारीला गेला आणि गोळी आभाळात. डुकरं आरामात गेली, आणि जाता जाता सटवाजीचंच वावर लोळवून गेली.

"नेम चुकला!" गाव ओरडलं. "विजारीची लाज घालवलीस!"

सटवाजी घरी आला तो बाजेला लाथ घालतच. बायको रंगू चुलीपाशी होती.

"माझ्यावर काय डोळे वटारता? मी चुकवली शिकार?"

"त्या विजारीने चुकवली!"

"मग पाटलांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की, एकदा."

"एकदा! भाजीत मीठ कमी पडलं तर मला चारदा सांगता."

रंगूने धुऊन धुऊन मऊ झालेलं मातकट लुगडं नव्या विजारीसाठी बाहेर काढलं. सटवाजी मापाला ताठ उभा राहिला.

"खांबासारखं उभं राहून शिकार करणार आहात का? उकिडवे बसा. आता रांगा. आता त्या कणगीवर चढा."

सटवाजी शिव्या देत रांगला, शिव्या देत चढला. रंगू जागोजाग चिमटीत कापड धरून बघत होती. गुडघ्याला ऐसपैस, बैठकीला मोकळी, पोटरीला अशी चापून की काट्याला काही सापडू नये. कमरेला एवढी बेतशीर, की दोन्ही हात बंदुकीला मोकळे राहावेत.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तो नवी विजार घालून चावडीवर गेला. पाटील तडकले.

"ही कसली चिंधी? मानाची विजार नाही, तर हाका नाही, ढोल नाही!"

"नकोत तुमचे ढोल! ढोलांनी डुकरं उठतात आणि तुमच्या विजारीने पळतात!"

तो एकटाच गेला. ओढ्यातून रांगत, मातीच्या रंगात माती होऊन. म्हाताऱ्या डुकराने कान टवकारले.

"आज विजार नाही. खा रे निवांत."

ते त्याचं शेवटचं बोलणं. बार झाला, म्हातारा जागीच पडला आणि बाकीचा कळप डोंगर ओलांडून गेला. ज्वारी वाचली.

मटण शिजलं, गाव जेवलं. मग पाटील हळदकुंकवाचं ताट घेऊन वाजतगाजत सटवाजीच्या दारी आले.

"काढ."

"काय?"

"विजार. आता हीच मानाची. जुनी आत्ताच नदीत सोडून आलो. पुढल्या साली आमचा जावई पुढे होणार, तो घालील."

सटवाजीने जावयाकडे बघितलं. जावयाचं पोट त्याच्याआधी अंगणात आलं होतं. सटवाजीच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या. त्याने सगळ्यांदेखत विजार उतरवली, लंगोटीवर उभा राहिला आणि विळ्याने तिच्या चिंध्या चिंध्या केल्या.

"अहो, माझी शिवण!" रंगू किंचाळली.

"घ्या!" सटवाजी गरजला. "एकेक चिंधी घ्या आणि आपापली कंबर मोजा! अजून डोळे उघडत नाहीत तुमचे?"

पेटीत ठेवायला आता काहीच उरलं नाही. पुढल्या साली डुकरं परत आली, तेव्हा जावई नाइलाजाने शिंप्यापुढे उकिडवा बसला, घामाघूम होऊन रांगला आणि स्वतःच्या पोटाला साजेशी विजार शिवून घेतली. पहिल्याच बाराला डुक्कर पडलं. त्या गावाची ज्वारी पुन्हा कधी लोळली नाही.

लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात धरा: दुसऱ्याच्या मापाच्या मानापेक्षा आपल्या मापाची विजार बरी.