वसंत आला की या

एका लांबरुंद देशाच्या मध्यावर, नदीकाठच्या गावात एक म्हातारी राहत होती. तिला तीन लेकी, आणि तिघींच्याही नाकावर राग. थोरली दिली होती समुद्रकाठी, मधली कोरड्या माळावर आणि धाकटी पार बर्फाच्या डोंगरात. लग्नं झाल्यापासून तिघी एकत्र माहेरी आल्याच नव्हत्या.

म्हातारीची नजर अधू होत चालली. वैद्य म्हणाले, "पाऊस लागेपर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही." तेव्हा तिने शेजारणीच्या मदतीने तिन्हीकडे निरोप धाडला, "वसंत आला की तिघी या. एकदा तुम्हाला एकत्र डोळे भरून पाहायचंय."

समुद्रकाठी थंडी ती कितीशी! माघातच आंबा मोहरला आणि थोरली निघाली. माहेरी येऊन पाहते तर बहिणींचा पत्ता नाही. थोडे दिवस तिने वाट पाहिली, मग तिचं डोकं फिरलं.

"आईपेक्षा संसार मोठा झालाय त्यांना! मी काय रिकामटेकडी आहे?"

"थांब गं, येतील त्या," म्हातारी म्हणाली. पण थोरली पाय आपटत निघून गेली.

माळावर फाल्गुनात झाडं उघडीबोडकी झाली आणि पळस पेटल्यासारखा फुलला. तेव्हा मधली आली. थोरली येऊन गेल्याचं कळताच ती कडाडली, "माघात कसला आलाय वसंत? थापाडी मेली! मला टाळायलाच लवकर आली."

म्हातारीने तिचा हात धरला. "धाकटी यायचीय अजून. तू तरी थांब."

"थोरलीने थांबायचं नाही आणि मी मात्र थांबायचं?" हात सोडवून तीही गेली.

डोंगरात तोवर दारापुढचं बर्फसुद्धा हललं नव्हतं. वैशाखात कुठे खिंड मोकळी झाली, कुरणात पहिली फुलं आली आणि धाकटी धावतपळत माहेरी पोचली. आईने तिचा चेहरा अगदी जवळ ओढून पाहिला. बहिणी येऊन निघून गेल्या हे ऐकून धाकटीचा तोल सुटला. तिने दोघींना निरोप धाडला, "आईशी असं वागता? या, तोंड दाखवा!"

दोघी आल्या त्या भांडायलाच. बाहेर पाऊस लागला होता आणि आत तिघींची जुंपली.

"मोहोर आला की वसंत!" थोरली म्हणाली.

"पळस फुलल्याशिवाय कसला वसंत?" मधली म्हणाली.

"आणि आमचं बर्फ वितळायचं होतं, त्याचं काय?" धाकटी ओरडली.

म्हातारी मध्ये बसून आवाजाच्या दिशेने मान वळवत होती. जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई एकदम कडाडली, "गप्प बसा! तिघींचाही वसंत खराच होता. पण तुझ्याकडे कधी फुलतं गं, असं एकीने तरी दुसरीला विचारलं? थांबा म्हटलं तर थांबला नाहीत. मला वसंत नव्हता पाहायचा, तुम्हाला पाहायचं होतं. परवा उरलंसुरलं दिसणंही गेलं माझं."

म्हातारीने शेजारणीला हाक मारली. "तिघी एकत्र उभ्या आहेत ना? सांग बाई, कशा दिसतात?"

शेजारीणही रागानेच म्हणाली, "कशा दिसणार, मावशी? माना खाली घालून उभ्या आहेत."

तात्पर्य एवढंच, आणि ते रागानेच सांगायला हवं: आपल्या अंगणात फुललं म्हणजे जगात फुललं असं नाही. ज्याच्याकडे उशिरा फुलतं त्याला खोटं ठरवण्याआधी थोडं थांबावं.