डबीतलं बी

ही गोष्ट कुठल्या गावच्या अंगणातली, ते आता खात्रीने सांगता येत नाही. कदाचित गोष्टीतलं खुरपं इतकं बोललंही नसेल. पण त्या अंगणात झिनियाचं झाड एकच होतं, एवढं नक्की.

वेणूकाकू तिची फुलं रोज सकाळी ताजी खुडून देवाला वाहत. मोसम सरत आला तेव्हा झिनिया खुरप्याला म्हणाली, "एक फूल मी पानाआड लपवलंय. ते देठावरच वाळलं, तरच त्यात बी भरेल."

"उगाच जिवाला घोर लावून घेतेस," खुरपं म्हणालं. "काकू निर्माल्य वाळवून त्यातलं बी डबीत जपतात. डबी भरत आलीये. देवाच्या पायाशी राहिलेलं बी वाया कसं जाईल?"

खुरपं जुनं, चार अंगणं पाहिलेलं. झिनियाने त्याचं ऐकलं आणि पान बाजूला केलं. "अगंबाई, हे एक राहिलंच होतं," म्हणत काकूंनी तेही खुडलं. आठवड्याभरात झिनिया वाळून गेली.

पुढच्या वर्षी काकूंनी डबीतलं बी पेरलं. पंधरा दिवस गेले, काहीच उगवलं नाही. "मीच माती फार खोल उकरली असेल," खुरपं स्वतःला म्हणे. बी चांगलंच होतं, असं मानायला त्याला तेवढाच आधार होता. मग दर वर्षी ते आणखी वरवर, भीतभीत उकरू लागलं. वाफा रिकामाच राहिला.

बऱ्याच वर्षांनी काकूंच्या सुनेने डबीच्या तळाशी उरलेलं एक बी त्याच खुरप्याच्या पात्यावर ठेवलं आणि नखाने फोडलं. ते आतून पोकळ होतं.