हातभर खाली

त्या राज्यात एकच झाड होते आणि सगळी वस्ती त्याच्या सावलीत होती. झाडाच्या फांद्या वाळत, वाळलेल्या फांद्या पडत. म्हणून वेळेवर वर जाऊन त्या कापणे हेच राज्याचे मुख्य काम. वस्ती अवजारांची होती, पण स्वभाव ज्याचा त्याचा, तुमच्याआमच्यासारखा.

कापायची करवत. वरच्या बेचक्याला बांधलेल्या दोरावरून तिला वर न्यायची गाठमावशी. मावशी म्हणजे दोरीच्या एका तुकड्याने जाड दोराला घातलेले वेढे, बस्स. भार आला की ती दोराला आवळून धरी, वरून हलकेच दाबले की सैल होऊन खाली सरके. पण पावसात ती फुगून हट्टाला पेटे, घाईने उतरताना तापे, आणि कधी कधी बोटभर घसरेही. या घसरण्याची तक्रार घणापर्यंत गेली. घण राज्याचा कारभारी. जे हलत नाही ते चांगले, असे त्याचे सरळ गणित होते.

त्याने भट्टीतून दंतुरा घडवून घेतला. पोलादी जबडा, आत तिरपे दात. परीक्षा भर मैदानात झाली. खांबाला दोर बांधून त्यावर दंतुरा चढवला आणि सगळ्यांनी मिळून त्याला खाली ओढले. तो तसूभर हलला नाही. मंडळी खूश झाली. नंतर घणानेच त्याला थोडे वर उचलून दोरातून सोडवले, पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. आता खाली उतरून दाखव, असेही कुणी म्हटले नाही. न हलण्यासाठी ज्याची निवड झाली, त्याला हल कसे म्हणायचे?

मावशीचे वेढे उलगडले. उलगडल्यावर उरली नुसती दोरी. तिने मंडळी कोळशाच्या पोत्यांची तोंडे बांधू लागली.

पुढे करवतीच्या छपरावर आलेली मोठी फांदी वाळली. छपराखाली तिची लहान पाती निजत. घर रिकामे करू का, असे तिने विचारले, तर घण म्हणाला, दंतुरा असताना कसली भीती.

करवत दंतुऱ्याला लटकून निघाली. चढण इतकी सुखाची होती की तिला मावशीची आठवणसुद्धा आली नाही; याचे पुढे तिला फार वाईट वाटले. दंतुरा सरसर चढत फांदी ओलांडून थेट दोर बांधलेल्या बेचक्याला जाऊन भिडला. करवत फांदीच्या हातभर वर लोंबत राहिली.

"जरा खाली घे," ती म्हणाली.

दंतुऱ्याला कळेना. "खाली म्हणजे?"

"हातभर सोड मला. फांदी खाली राहिली."

त्याने मनापासून खटपट केली. मग ओशाळून म्हणाला, "सोडायचं तर आधी मला थोडं वर सरकावं लागतं. आणि आता वर जागाच नाही, बाई."

खाली गोंधळ उडाला. एवढ्या वर गेलेल्याचे काही चुकले असेल, हे कुणाला पटेना. मावशीला शोधा, असे कुणीतरी सुचवले. दोरी सापडली, पण वेढे किती, आधी कुठल्या बाजूने, हे जो तो वेगळेच सांगू लागला. घणाने स्वतः बांधून पाहिली. ती गाठ बसली ती सुटेचना.

दुपारी वारा सुटला. फांदी करकरू लागली तशी करवतीने पात्यांना हाका मारल्या, बाहेर या, बाहेर या. ती काय म्हणते, असे मंडळींनी एकमेकांना विचारले. दंतुरा वर दिसत होता, तेव्हा सगळे ठीकच असणार. फांदी मोडली आणि छपरावर पडली.

धूळ बसली. छपराखालून पात्यांची किणकिण येत नव्हती. काय करावे, कुणालाच सुचेना. तेव्हा घणाने वर पाहिले. एवढ्या वाऱ्यातही दंतुरा तसूभर घसरला नव्हता. घणाचा जीव भांड्यात पडला. त्याने दंतुऱ्यासाठी हार आणवला. पण वर जाऊन तो घालणार कोण? गेलेला खाली कसा येणार, हे कुणाला सांगता येईना. हार बराच वेळ या हातातून त्या हातात फिरला. शेवटी तो पडलेल्या फांदीवर ठेवून मंडळी पांगली.

करवतीला वरून हार दिसला.

"तो कुणाला घातलाय?" तिने विचारले.

तेवढ्या उंचीवरून दंतुऱ्यालाही नीट दिसत नव्हते. त्याने दात आणखी रोवले आणि म्हणाला, "घाबरू नकोस. मी धरलंय तुला."