बटाट्याची गाडी

"...पण खोटं बोलल्यानं एका आईच्या जिवाला बरं वाटणार असेल, तर बोलायला काय हरकत आहे, भंतेजी?"

भंतेजी भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी जेवू दे," ते म्हणाले. "बारा वाजून गेले की आम्हा भिक्खूंना जेवण चालत नाही."

प्रबोध मेश्राम गप्प बसला. गप्प म्हणजे काय, नुसता चुळबुळत बसला. तलावाच्या पाळीवरच्या या छोट्या विहारात तो लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गाथा शिकायला यायचा. सगळ्यात आधी आपल्याला पाठ झालं म्हणून बाकीच्या पोरांवर रुबाब झाडायचा. आता तो फौजेत कॅप्टन झाला होता आणि रुबाब काही कमी झाला नव्हता. आज मात्र त्याचं तोंड पार उतरलं होतं.

त्याची बटालियन रसदीची. डोंगरावरच्या चौक्यांना पीठ, बटाटे, रॉकेल, मोजे, औषधं पोचवायची. खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत सगळं वर गेलं पाहिजे, नाहीतर वरच्या माणसांनी हिवाळाभर खायचं काय? काम जिवावरचं. पण गावात कोणी विचारलं, "साहेब, बॉर्डरवर का?" की हा गडी नुसती मान हलवायचा आणि मिशीवरून बोट फिरवायचा. बटाट्याचं नाव म्हणून काढायचा नाही.

त्याच बटालियनचा ड्रायव्हर केवळराम नैताम, जवळच्याच सावरटोल्याचा. गेल्या महिन्यात बटाटे आणि रॉकेल घेऊन वर जाताना तो गेला. वळणावर रस्त्याची कड खचली आणि गाडी नाल्यात कोसळली. गोळी नाही, दुश्मन नाही, काही नाही.

उद्या प्रबोध त्याच्या घरी जाणार होता. गावानं श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी वेशीवर मोठा फ्लेक्स लावला होता. चेहरा केवळचा, खालचं धड भलत्याच कोणाचं, आणि हातात मशीनगन. सरपंचांनी फोनवर बजावलं होतं, "साहेब, दोन शब्द बोला. किती मारले तेवढं सांगा म्हणजे झालं." तेही कसंबसं निभावलं असतं. पण मग केवळच्या आईनं फोन हातात घेतला होता.

"माझा केवळ लढता लढताच गेला ना जी?"

"हो... म्हणजे... येतो ना मावशी, आल्यावर सांगतो," असं म्हणून यानं फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं.

भंतेजींनी शेवटचा घास खाल्ला. पाणी प्याले.

"हं. काय सांगणार आहेस तिला?"

"दुश्मनाशी लढताना गेला म्हणून. तिला बरं वाटेल."

"तिलाच?"

प्रबोधचं बोट मिशीकडे गेलं आणि अर्ध्यातच थांबलं.

"गाडी पडली, त्यानंतर काय झालं?"

"त्याच्यामागे आणखी एक गाडी होती. मी ताफ्याच्या शेवटी होतो. तो मागचा ड्रायव्हर खाली उतरला. पायानं रस्ता चाचपला. थोडा रडला. मग परत गाडीत बसला आणि त्याच वळणावरून वर घेऊन गेला."

"तू सांगितलंस म्हणून?"

"नाही जी. मी तर परत फिरा म्हणणार होतो."

"मग का गेला तो?"

"वरच्यांचा शिधा संपत आला होता."

"मग हे सांग की तिला."

"हे?" प्रबोध उसळून म्हणाला. "तुमचा मुलगा बटाटे नेताना मेला, असं सांगू? कोणत्या तोंडानं सांगू? मला लाज वाटते हो, भंतेजी. त्याची नाही... कामाची वाटते. आणि या लाजेचीच लाज जास्त वाटते आहे."

भंतेजींनी रिकामं भिक्षापात्र उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"यात भात होता, वरण होतं, जवसाची चटणी होती. कोणत्या घरचं काय, ओळख."

"कसं ओळखणार? तुम्ही सगळं एकत्र कालवलं."

"मलाही ओळखता येत नाही... संध्याकाळी लोक इथं येतात. पाया कोणाच्या पडतात?"

"तुमच्या."

"आणि भात रांधणारी?"

"ती..." प्रबोध अडखळला. "तीही रांगेतच असते. तुमच्या पाया पडायला."

भंतेजी हसले नाहीत.

मग प्रबोध एकदम ताठ बसला. गड्याचा मूळ स्वभाव जातो कुठे? "समजलं, भंतेजी. मी उद्या सगळ्या गावासमोर बोलतो. रसद आली नाही तर लढणारे कोणाच्या भरवशावर उभे राहतील, ते असं पटवून देतो की..."

भंतेजींनी हात वर केला. भाषण तिथंच थांबलं.

"आई जेवते का?"

"धड नाही, म्हणतात. तेव्हापासून तिनं चूल पेटवली नाही. शेजारच्या बाया ताट आणतात, ती घासभर खाऊन परत पाठवते."

"उद्या सकाळी काही खाऊ नकोस. कार्यक्रमाच्या आधी तिच्या दारात जा. जेवायला माग."

प्रबोध चमकून बघतच राहिला. "दुःखाच्या घरी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि मागायचं? तुम्ही तरी कुठं मागता? नुसते उभे राहता दारात."

"मी भिक्खू आहे. तू पाहुणा आहेस. तू माग."

"तिनं नाही म्हटलं तर?"

"थांब."

प्रबोध उठून दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"आणि उठली तर? चूल पेटवली, रांधलं, माझ्यापुढे ताट ठेवलं... तर मी काय बोलू, भंतेजी?" आता त्या आवाजात कॅप्टन कुठंच नव्हता. सुट्टीत पाठ विसरलेलं पोर तेवढं होतं.

भंतेजी शांतपणे हात पुसत होते.

"काही बोलू नकोस. जेव. ती दुसऱ्यांदा भात वाढायला वाकेल ना... तेव्हा सांग, केवळच्या गाडीत काय होतं."