खांबावरची तक्रारपेटी

घाटातल्या वाहतूक-दंडाच्या कॅमेऱ्यांचे प्रमुख सरनोबतसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "वर्षभरात एकही तक्रार नाही! लोक खूश आहेत. अहवालावर तेवढी सही करा."

स्वतंत्र देखरेख समितीतर्फे आलेल्या हंसाताई धुरींनी पेन काढलं आणि तक्रारपेटीकडे पाहिलं. पेटी कॅमेऱ्याच्याच खांबाला टांगलेली, आणि तिथे गाडी थांबवायला मनाई!

"करते की. पण पेटी रिकामी बरी दिसत नाही. कौतुकाची एक चिठ्ठी तुमच्याच हातांनी टाका."

साहेब खुलले. स्वतःची गाडी खांबापाशी थांबवून त्यांनी चिठ्ठी टाकली, तोच मोबाईल वाजला. गाडी थांबवल्याचा दंड!

"हा अन्याय आहे!" साहेब भडकले. "मी तक्रार करणार!"

पेनाला टोपण लावत ताई म्हणाल्या, "अवश्य करा. पेटी समोरच आहे. फक्त गाडी न थांबवता टाका हं!"