वाटीने भरलेली घागर

शहराच्या पश्चिमेला ओढा ओलांडला की गोजरामळा हे उपनगर लागतं. नावात मळा आहे, पण हिरवं पान औषधालाही दिसायचं नाही. घराला घर चिकटलेलं. बोळ इतके अरुंद, की समोरून स्कूटर आली तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. भाड्याने खोली बघायला आलेले लोक नाक मुरडतात आणि विचारतात, एवढ्या दाटीत तुम्ही राहता तरी कसे? जुन्या रहिवाशांना या प्रश्नाचा राग येतो. मग ते आलेल्याला बसवून घेतात, चहा पाजतात आणि गोजराबाईची गोष्ट ऐकवतात. ही दाटी चुकून झालेली नाही, एका बाईने दात-ओठ खाऊन ती केली आहे, हे त्याला कळावं म्हणून.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा इथे गोजराबाईचा पानमळा होता. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी एका पाटाने उतरायचं, आधी तिच्या मळ्यात आणि तिथून खाली रंगराव देसायांच्या बागेत. पाट लहान, उन्हाळ्यात तर करंगळीएवढा. म्हणून पाण्याला पाळी होती, चार दिवस मळ्याला आणि चार दिवस बागेला. शिवाय एक नेम होता. रंगरावांच्या पणजोबांनी सिद्धनाथाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती, की पाटाकाठी ज्याची चूल पेटते त्याची पिण्याची घागर आधी भरेल, आणि ती भरेपर्यंत पाणी पुढे जाणार नाही. नेम मोडणाऱ्याचा वंश बुडेल, असंही ते देवासमोर बोलून बसले होते.

गोजराबाई विधवा होती. नवऱ्याने लावलेल्या वेली तिने लेकरांसारख्या जपल्या होत्या. पानमळ्यात वर्षाकाठी उतरण करतात. उंच चढलेला वेल खाली घेऊन, वेटोळं करून मातीत निजवतात आणि शेंडा तेवढा वर ठेवतात. त्यानंतर लागलीच पाणी मिळालं नाही, तर वेल जागच्या जागी मरतो. त्या साली तिने सबंध मळ्याची उतरण केली आणि त्याच सकाळी देसायांच्या माणसांनी येऊन, तिची पिण्याची घागर तेवढी भरू देऊन, तिच्या मळ्याकडचं पाटाचं तोंड मातीने बुजवलं. रंगरावांच्या थोरल्याचं लग्न होतं आणि बागेत कारंजी उडवायची होती.

गोजराबाई धावत बागेत गेली. भर पाहुण्यांत तिने पदर पसरला.

"मालक, माजी पाळी हाय. येल मातीत निजवल्यात. आज पानी न्हाई मिळालं, तर एक पान उरायचं न्हाई."

"लग्नघरात रडगाणं नको," रंगराव म्हणाले. "पानंच पायजेत न्हवं? बाजारातनं पाटीभर आणून देतो तुला."

पाहुणे हसले. कारंजी पाच दिवस उडाली. सहाव्या दिवशी तिने माती उकरून पाहिली, तर वेटोळी काळी पडलेली. सगळ्या मळ्यात एकच वेल जगला होता, पाटाच्या तोंडाशी ओलीत राहिलेला. शेजारच्या बाया म्हणाल्या, एका वेलावरून पुन्हा मळा उठतो, वेळ लागेल पण उठतो. तिलाही ते ठाऊक होतं. त्या वेलापाशी ती दिवसभर बसून राहिली म्हणे. संध्याकाळी उठली आणि तोही तिने मुळासकट उपटून फेकला. आता तिला मळा नको होता. रंगरावांची बाग तिला मेलेली बघायची होती.

ते दिवस दुष्काळाचे. गावोगावची माणसं शहराकडे निघाली होती आणि शहर त्यांना वेशीच्या आत घेत नव्हतं. गोजराबाई रस्त्यावर जाऊन उभी राहिली. कुंभार असो, पिंजारी असो, कैकाडी असो, तिने कुणाची जात विचारली नाही. प्रत्येकाला एकच सांगणं, "जागा देते, फुकाट. फकस्त हितं चूल पेटवा आन् एकामागं एक आपली घागर वाटीनं भरा." घागर आधी, हे शपथेत होतं. ती किती वेळात भरायची, हे शपथेत नव्हतं.

सात चुली झाल्या, तेव्हा पाणी बागेत दुपारी पोचू लागलं. वीस झाल्या, तेव्हा दिवस कलल्यावर. चाळिसावी चूल पेटली आणि पाट बागेपर्यंत गेलाच नाही. डाळिंबं झाडावरच सुकली, मोगऱ्याच्या काड्या झाल्या. रंगरावांनी लाठ्या देऊन माणसं धाडली, पण भरत्या घागरीला हात लावायला एकही पुढे होईना. देसायांची भीती होती, पण सिद्धनाथाची त्याहून जास्त. गोजराबाई रोज बांधावर उभी राहून वाळणारी झाडं मोजायची. तिला फार बरं वाटायचं, आणि ते ती कुणापासून लपवायची नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात रंगराव स्वतः चालत आले.

"गोजराबाई, ही माणसं उठीव," ते म्हणाले. "माझी सगळी बाग तुझ्या नावावर करतो. पानमळा लाव तिथं. बेणं मी आणून देतो."

बागेतली जमीन काळी, निचऱ्याची, वेलाला हवी तशी. गोजराबाईने बांधावरून वाकून बागेतलं ढेकूळ उचललं आणि बराच वेळ बोटांनी चुरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं सांगतात. मग तिने हात झटकले.

"मालक, पानी तुमालाबी मिळंल की. हितं येऊन चूल मांडा. कुंभाराच्या मागं रांगंत बसा. वाटी मी देते."

रंगराव माघारी वळले. पंधरवड्यात देसायांनी गाव सोडलं. बागेत कुदळ पडली आणि तिथेही घरं उठली. गोजराबाईने मात्र पुन्हा कधी वेल लावला नाही. लावायला वीतभर जागा तिने स्वतःसाठी ठेवलीच नव्हती.

आजही गोजरामळ्यात कुणी नवं बिऱ्हाड आलं आणि गॅस पेटला, की शेजारीण त्याच्या उंबऱ्याशी येऊन बसते आणि नळाला भरपूर पाणी असलं तरी पहिली घागर वाटीवाटीने भरून देते. नव्या माणसाला भरून येतं. केवढी ही माया, असं तो म्हणतो, आणि त्याला कुणी अडवत नाही. घागर भरली की ती बाई उताराकडे, जिथे बाग होती तिकडे तोंड करते आणि मोठ्याने सांगते, "मालक, आनखी एक चूल पेटली."